भारतीच्या डोक्याखाली हात

४ नोव्हेंबर, मंगळवार
सूनबाई भारती माहेरी गेली त्याला आज आठवडा झाला. भाकरी आजही करपल्या. दोन मी खाल्ल्या, एक कुत्र्याला टाकली. त्यानं नुसती हुंगली आणि माझ्याकडं पाहिलं.

ती का गेली ते लिहायचं टाळत होतो. लिहून टाकतो एकदाचं. त्या सकाळी ती चुलीपुढं होती, मी ओट्यावर पेपर वाचत. आत भांडं पडलं. दाराशी जाऊन खाकरलो, नेहमीसारखा. उत्तर नाही. डोकावलो तर सून जमिनीवर. हातपाय झटकतायत, डोळे पांढरे, उजवा हात चुलीच्या कडेला टेकलेला. आणि मी उंबऱ्यात उभा! सुनेला सासऱ्यानं हात लावायचा नाही, एवढंच डोक्यात. जिजाबाईला बोलवायला पळालो. तिचं घर दोन घरं सोडून, पण ती गोठ्यात होती. तेवढा सगळा वेळ तो हात चुलीला.

जिजाबाईनं कांदा फोडून नाकाशी धरला, चप्पल हुंगवली, भाजलेल्या जागी टूथपेस्ट फासली. मी अंगणात येरझारा घालत होतो. साठी उलटलेला माणूस.

६ नोव्हेंबर, गुरुवार
व्याह्यांचा फोन. आवाज चढवला नाही त्यांनी, तेच जास्त लागलं. "योगेश शनवारले येस, रविवारले जास. घरमा बाई माणूस नही. मन्ही पोरीले कोन दखी?"
मी म्हणालो, मी आहे ना.
"तुम्ही तं हातबी नही लावतस."
खरं तेच. माझी बायको, योगेशची आई, असती तर हा प्रश्नच आला नसता. तिला जाऊन चार वर्षं झाली.
योगेश म्हणतो नवापूरची पोल्ट्रीतली नोकरी सोडतो. मी म्हणालो, थांब जरा. थांबून काय करणार ते मलाही माहीत नाही.

९ नोव्हेंबर, रविवार
सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेतल्या स्वयंसेवकांसाठी तिथल्या शाळेत प्रथमोपचार वर्ग. नाव दिलं, पुढं 'निवृत्त वायरमन' लिहिलं. सगळे विशी-पंचविशीतले, घोड्यानं लाथ मारली तर काय करायचं हे शिकायला आलेले. मला पाहून एकानं खुर्ची आणून दिली. राग आला, पण बसलो.
शिकवणाऱ्या एस्तेर सिस्टर, नवापूरकडच्या डोंगरातल्या. बारीक चण, आवाज मात्र खणखणीत. आज रक्तस्राव आणि भाजणं. जखम दाबून धरायची, सारखं उचलून पाहायचं नाही. भाजलं की साधं वाहतं पाणी, वीस मिनिटं. टूथपेस्ट नाही, शाई नाही, पीठ नाही.
घरी येऊन नळाखाली हात धरून उभा राहिलो, घड्याळ लावून. वीस मिनिटं पुष्कळ असतात. तिला वीस सेकंदही मिळाले नाहीत.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
वर्ग झाला. घशात घास अडकला तर पाठीत कुठं, किती जोरात मारायचं ते. माझी थाप जोरदार, असं सिस्टर म्हणाल्या.
संध्याकाळी फोन. भारती! लग्नाला दीड वर्ष झालं, पण सरळ माझ्याशी बोलली ती आज पहिल्यांदा. घरात मी दाराशी बोलतो, ती चुलीशी बोलते, त्यातून एकमेकांना कळतं. फोनवर तोंड दिसत नाही, म्हणून जमलं असेल.
"आबा, जेवनात का?"
जेवनू, म्हणालो.
"काय खादं?"
खोटं सांगितलं, वांग्याची भाजी. तिला कळलं असणार. मग म्हणाली, "मी गोळ्या बंद कऱ्यात ना, म्हनीसन व्हयनं. लगीनमा कोनी सांगं नही तुम्हले. मन्हावर राग शे का?"
चौदाव्या वर्षापासून आहे तिला हे. आमच्या घरात कुणाला कळू नये म्हणून पोरीनं गोळ्याच सोडल्या. राग आलाच, पण तिच्यावर नाही. दीड वर्ष आम्ही तिला इतकं परकं ठेवलं, त्याचा आला. एवढंच म्हणालो, गोळ्या घे, आणि इथं आलीस की उघड फळीवर ठेव.

१६ नोव्हेंबर, रविवार
आज मिरगी. मी पहिल्या रांगेत, वही उघडून.
हातपाय दाबून धरायचे नाहीत. तोंडात चमचा, कापड, काही घालायचं नाही. कांदा-चप्पल नाही. आजूबाजूचं सामान सरकवायचं. डोक्याखाली मऊ काही, नाहीतर आपला हात. घड्याळ बघायचं. पाच मिनिटांच्या वर गेलं तर १०८. झटके थांबले की कुशीवर वळवायचं. पुरतं भान येईपर्यंत पाणीसुद्धा नाही.
मी हात वर केला. विचारलं, हात न लावता माणसाला लाकडी काठीनं सरकवता येईल का?
सगळे हसले. सिस्टर हसल्या नाहीत. कुणासाठी विचारताय, म्हणाल्या. सांगितलं, भर वर्गात, सगळं. उंबऱ्याचंसुद्धा.
"काका, तुम्ही वायरमन होता ना? करंट लागलेल्याला हात लावायचा नाही, हे तुमचं बरोबर. पण तिला करंट लागलेला नाही."
बत्तीस वर्षं नोकरीत हेच घोकलं. आधी मेन स्विच, मग काठी, हात शेवटी. या पोरीला तर स्विचच नाही.
सायकलवरून येताना डोळ्यांत पाणी येत होतं. थंडी होती, पण थंडीचं नव्हतं ते.

१९ नोव्हेंबर, बुधवार
गोधडीची वळकटी करून तिला माझा जुना सदरा घातला. खोलीभर सराव. गुडघा वर, हात गालाखाली, खांदा धरून आपल्याकडं. गोधडी पहिल्यांदा तोंडावर पडली. सॉरी म्हणालो तिला.
जिजाबाई ताक घेऊन आली आणि दारातच थबकली. "आबा, डोकं फिरनं का तुमनं? गोधडीसंगे काय बोली ऱ्हायनात?"
समजावलं. कांद्याचं सांगितल्यावर तोंड फुगवलं तिनं. इतकी वर्षं कांद्यानंच माणसं शुद्धीवर आणली, म्हणे. मी म्हणालो, ती आपोआपच येत होती, तू उगाच कांदा वाया घालवलास. ताक घेऊन परत निघाली होती. मी थांबवलं, मग ठेवलं तिनं.

२३ नोव्हेंबर, रविवार
रात्री-सकाळी भारतीचा फोन असतो आता. आज तिनं मला शिकवलं. झटका येण्याआधी पोटातून काहीतरी वर चढतं, करपल्यासारखा वास येतो. बाजूला व्हायला वेळ मिळत नाही. आणि नंतर? विचारलं. "मंग भलती लाज वाटस. समदा उभा राहीसन दखतस."
सगळे उभे राहून बघतात. मी तर तेही केलं नाही, पळून गेलो. तिला तसं सांगितलं आणि माफी मागितली. सासऱ्यानं सुनेची माफी मागायची रीत आमच्यात नाही. ती म्हणाली, "आबा, ऱ्हाऊ द्या ना." आणि फोन ठेवला.
व्याह्यांना कळवलं: यात्रेला या, मुलीला घेऊन या. ठेवायचं की नाही ते नंतर बघू.

२ डिसेंबर, मंगळवार
अकराला व्याही आणि भारती आले. भारती वाळली आहे. हातावरचा डाग मनगटापासून कोपराच्या अर्ध्या वाटेपर्यंत. पाया पडली, आत गेली. व्याही आणि मी खाटेवर, कापसाच्या गप्पा. ती चहा घेऊन अंगणात आली. डोक्यावर पदर, मान खाली. मध्येच थांबली. कुठंतरी बघत राहिली. ट्रे पडला.
मी उठल्याचं मला आठवत नाही. ती खाली यायच्या आत माझा हात तिच्या डोक्यामागं होता एवढं आठवतं. गुडघ्यावर बसलो. खाट पायानं ढकलली, कपाच्या काचा लांब सारल्या. तिचं डोकं माझ्या तळहातावर आपटत होतं. किती हलकं डोकं.
व्याही ओरडायला लागले. "कांदा! कांदा आना कोनी!" त्यांनी तिचे पाय दाबले.
"बापू, सोडा पाय. कांदा नको. घड्याळ दखा, कितला येळ व्हयना सांगा," मी व्याह्यांना म्हणालो.
ते मला मारतील असं वाटलं. मग घड्याळ बघायला लागले. एक मिनिट म्हणाले. दोन म्हणाले, रडत. अडीचला थांबलं. गळ्याशी आवळलेला पदर सैल केला, कुशीवर वळवलं. लाळ पुसली, माझ्याच उपरण्यानं. कुंपणापाशी माणसं जमली होती. जिजाबाईनं हाकलली: "काय दखी ऱ्हायनात? तमाशा शे का?" देव तिचं भलं करो.
मी बोलत राहिलो. "भारती, मी आबा. तू घरमाच शे. बापूबी आठेच शेत."
बऱ्याच वेळानं डोळे उघडले. आधी काही ओळखेना. मग माझ्याकडं पाहिलं, सरळ. हात पदराकडं जायला लागला. ऱ्हाऊ दे, म्हणालो. राहू दिला तिनं.
मी घाबरलो होतो, फार. पण माझा हात तिथं होता.

३ डिसेंबर, बुधवार
व्याही काल मुक्कामाला राहिले. योगेशचा फोन आला, त्याच्याशी हो-नाही एवढंच बोलले.
आज सकाळी भारतीची पिशवी भरून दाराशी ठेवलेली दिसली. कुणी ठेवली, विचारलं नाही. चहा झाला. अकराची एस.टी. आहे, व्याही म्हणाले. मी बरं म्हणालो.
चपला घातल्या त्यांनी. अंगणापर्यंत गेले, परत आले. माझ्याकडं न बघता म्हणाले, "मलेबी दखाडा. तिले कुशीवर कसं करनं ते."
सतरंजी अंथरली. मी आडवा झालो. व्याह्यांचा हात दगडासारखा, माझा खांदा निखळायचाच बाकी होता. भारती स्वयंपाकघराच्या दारात उभी. "बापू, तसं नही. पह्यले गुडघा वर," म्हणाली. मग बाहेर आली, खाली बसली, त्यांचा हात धरून माझ्या डोक्याखाली ठेवला. पुन्हा करा म्हणाली. पुन्हा केलं. मग ते आडवे झाले. नव्वद किलोचा माणूस, मला हलवेना. भारती हसली. मोठ्यानं, आमच्या दोघांसमोर.
अकराची एस.टी. फाट्यावरून गेली, हॉर्न ऐकू आला. कुणी उठलं नाही. व्याही सतरंजीवर पडूनच म्हणाले, पुढची कितीला?
दीडला, मी म्हणालो.
आता साडेबारा होतायत. ती आत भाकरी थापते आहे.