दहापर्यंत

१७ नोव्हेंबर १९९६
रविवार. नानांनी सकाळी मलइयो आणलं, या थंडीतलं पहिलं. दादाला पहिला चमचा मीच भरवला. दरवर्षी तो फेस जिभेवर विरतो आणि दादा हसतो. आज ओरडला. चालता हात तो एकच, डावा. त्याची मूठ करून गालावर तीनदा मारली.
आई : "हट्टाला पेटलाय. तीन आठवडे असंच चाललंय. जेवत नाही, मारून घेतो."
फिटचे डॉक्टर गेल्या महिन्यात म्हणाले होते, स्वभाव बदलतोय. झोपेची गोळी वाढवून दिली.
मलइयोत चावायचं काही नसतं. दुधाचा फेस. मग दुखलं ते थंडपणाने.
हे मला पहिल्या आठवड्यात कळायला हवं होतं. मी पाच वर्षं दात बनवते.

१८ नोव्हेंबर
पहाटे दादा तोंड उघडं टाकून झोपतो. टॉर्च घेऊन पाहिलं. मिनिटभर मिळालं.
खालची डावी पहिली दाढ : वरचा भाग नाही, काळा खड्डा, मुळं. तिच्या मागची तशीच. वर उजवीकडे दोन. हिरड्या सुजून दातांवर अर्ध्यापर्यंत चढलेल्या. फिटच्या गोळीने होतं असं. लखनौच्या कोर्समध्ये त्यावर एक ओळ होती, परीक्षेला आली नव्हती.
लॅबमध्ये फळ्या भरून प्लास्टरचे जबडे आहेत. कोणाचा कोणता दात कुठे झिजलाय, सांगू शकते. दादा तेहतीस वर्षांचा. त्याच्या तोंडात आजवर कोणी पाहिलं नाही. आईचं बोट आणि मीठ, तेही चावतो म्हणून पुढच्या पुढे.

२१ नोव्हेंबर
ज्यांची कामं आमच्या लॅबला येतात त्यांच्यापैकी एका डॉक्टरांकडे नेलं. ओळखीचे, म्हणून.
गल्लीत रिक्षा येत नाही. राजा घाटावरचे दोन मल्लाह, नावाडी, आले, दादाला वेताच्या खुर्चीसकट उचलून मुख्य रस्त्यापर्यंत नेलं. दवाखाना पहिल्या मजल्यावर. बावीस पायऱ्या, बाराव्या पायरीवर वळण. खुर्ची वळेना. रामजनम मल्लाह म्हणाला, "दीदी, नाव होती तो मोड़ लेते."
खाली थांबलो. कंपाउंडर उतरला. "डॉक्टर साहब पूछ रहे हैं, काटते तो नहीं?"
मग डॉक्टर वळणापर्यंत उतरले आणि तिथूनच पाहिलं. "शुभाजी, आप तो लाइन की हैं, समझती हैं. मेरी कुर्सी पर ऐसे पेशंट का नहीं हो पाएगा." गोळ्या लिहून दिल्या. परवाची कवळी फार छान बसली, असंही म्हणाले.
परतताना दादा खूश. त्याला वाटलं, फिरायला नेलं.

२३ नोव्हेंबर
गोळ्यांनी सूज कमी. वरण-भात खाल्ला.
बत्ताशांचं बोलावं लागलं. नाना रोज दोन वेळा संकठाजीच्या देवळातून येतात आणि दादाच्या जिभेवर बत्तासा ठेवतात. मला आठवतं तेव्हापासून. मी वहीत आजवरच्या बत्ताशांचं गणित केलं होतं, ते दाखवलं नाही. एवढंच म्हटलं की साखर दातांत बसून राहते.
नाना : "देवाचं त्याला तेवढंच कळतं गं."
संध्याकाळी बत्तासा मुठीत धरून आले. दादाने जीभ बाहेर काढली. नाना तसेच उभे. शेवटी त्याच्या कपाळाला लावून बत्तासा आपल्याच तोंडात टाकला. दादा जीभ काढून वाट पाहत राहिला.

२४ नोव्हेंबर
बऱ्याच दिवसांनी शेंगा. हे दादाचं काम. उजवा हात आखडलेला, म्हणून शेंग पुढच्या दातांनी फोडतो, डाव्या हाताने दाणा काढतो आणि आईच्या तळहातावर ठेवतो. आईने खाल्ला की दुसरी शेंग. स्वतः एकही खात नाही. आई मोजते, मोठ्याने. दादा दहापर्यंत ऐकतो, मग हसतो आणि पुन्हा एकपासून.
पुढचे सहा वर, सहा खाली : चांगले आहेत. आज उजेडात नीट दिसले.

२६ नोव्हेंबर
पद्धत ठरवली. मोजणी त्याला माहीत आहे, तिचाच उपयोग.
रोज संध्याकाळी सातला. खुर्ची भिंतीला टेकवून मागे कललेली. टॉर्च. मी दहापर्यंत मोजणार, तेवढा वेळ तोंड उघडं. दहाला टॉर्च बंद. शब्द मोडायचा नाही.
आज दोनपर्यंत.

३ डिसेंबर
चारपर्यंत. आरसा हातात दिला, त्याने तो आईला दाखवला.

९ डिसेंबर
सहा. आरसा ओठाला लावू दिला. एकदा घाईत मी पाचनंतर एकदम दहा म्हटलं. त्याने तोंड मिटलं आणि माझ्याकडे पाहिलं. दोन दिवस मागे गेलो.

१५ डिसेंबर
दहा.
आरसा आत, दहा आकडे. मग ब्रश, दहा आकडे. तक्ता पूर्ण केला : अठ्ठावीस दात. नऊ काढावेच लागतील. चारांना थोडी कीड. पंधरा चांगले. हिरड्यांना रोज ब्रश.
आई दारात उभी होती. म्हणाली, "मला कसं नाही जमलं इतकी वर्षं?" मी ब्रश धुवायला गेले. तिला कोणी दाखवलंच नव्हतं. हे तिला सांगायला हवं होतं.

१९ डिसेंबर
मोठं हॉस्पिटल. सकाळी साडेसहाला निघालो, नंबर एक्केचाळीस. दंत विभाग दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट होती. लिफ्टमन नव्हता. रामजनम आणि त्याच्या भावाने वर नेलं.
साडेतीन तास बाकावर. दादाची चड्डी ओली झाली. मोठ्या माणसाला बदलायला जागा नाही, जिन्याखाली आईने साडीचा आडोसा धरला.
आत मी सांगितलं, तो दहापर्यंत तोंड उघडतो, मला मोजू द्या. शिकाऊ डॉक्टर तिघे होते. त्यातला एक हसून म्हणाला, "मैडम, यहाँ गिनती का टाइम नहीं है." एकाने डोकं धरलं, एकाने हात. तिसऱ्याने तोंडात बोट घातलं. दादा चावला. चावणारच.
कागदावर लिहिलं : सहकार्य करत नाही.

२० डिसेंबर
संध्याकाळी सातला खुर्ची भिंतीला टेकवली. दादाने ओठ आत ओढून घेतले. मी मोजत राहिले, मिटल्या तोंडासमोर. शून्य.

२७ डिसेंबर
पुन्हा हॉस्पिटल, एकटी. दंत विभागाच्या मोठ्या डॉक्टर बाईंना भेटले. तक्ता टेबलावर ठेवला. त्यांनी पाहिला. पहिल्यांदा कोणी पाहिला.
"चार्ट किसने बनाया?"
"मैंने. मैं डेंटल टेक्नीशियन हूँ."
"अच्छा बनाया है." मग म्हणाल्या, पूर्ण भूल देऊनच होईल. आणि भूल एकदाच द्यायची तर सगळेच काढलेले बरे.
मी म्हटलं, नऊ.
रागावल्या नाहीत. बोटांवर हिशेब सांगितला. त्यांना ऑपरेशन थिएटर आठवड्यातून एकदा मिळतं, एका पेशंटला एक तास. काढायला तास पुरतो. किडलेले दात भरून वाचवायला तीन लागतात. "और जो छोड़ दूँ, वो दो साल में सड़ेंगे. फिर बेहोशी, फिर दौरे का ख़तरा. ब्रश कौन करेगा?"
"मैं."
"रोज़? शादी के बाद भी?"
नागपूरहून आलेलं स्थळाचं पत्र नानांनी माझ्या टेबलावर ठेवलंय. दहा दिवस झाले.

२८ डिसेंबर
लॅबचे मालक मिश्राजी म्हणाले, "अरे तो चिंता काहे की? घर का मामला है. पूरा सेट हम मुफ़्त में बना देंगे!"
त्यांचा हेतू वाईट नाही. फिट येणाऱ्या माणसाला कवळी देत नाहीत. फिटमध्ये निसटली तर घशात अडकते. हे त्यांनाही माहीत आहे, क्षणभर विसरले. मग दोघेही आपापल्या कामाला लागलो. आज पूर्ण सेट होता, रामनगरच्या एका म्हाताऱ्याचा. अठ्ठावीस दात मेणात लावले. एकही वाकडा लागला नाही.

२ जानेवारी १९९७
घरी सांगितलं.
नाना : "दुखणं जाईल ना? मग जाऊ देत दात. वरण-भाताला काय लागतं?"
आईने शेंगांचा डबा फडताळात वर सरकवला.
नाना चुकीचे नाहीत. रात्रभर गाल आपटून घेतो ते त्यांच्याच खोलीत.

१४ जानेवारी
संक्रांत. आईने दादासाठी तिळगूळ कुटून पूड केली, दुधात कालवून दिली. चमचाभर घेतली.
दोन आठवड्यांत नव्याने सुरुवात करून आज तीनपर्यंत आलो. टॉर्चशिवाय. टॉर्च दिसली की डोकं फिरवतो.

२३ जानेवारी
तारीख मिळाली होती ती आजची. पहाटेपासून उपाशी ठेवला. अकरा वाजता सांगितलं, भूल देणारे डॉक्टर रजेवर. उपाशी राहायचं कारण दादाला सांगता येत नाही. वाटेत चहाच्या दुकानासमोर हात लांब करून रडला. आईने तिथेच बिस्किट बुडवून दिलं. दुकानदार पैसे घेईना.

३० जानेवारी
दुसरी तारीख. खोकला आहे म्हणून परत. खोकला दादाला नव्हता, आईला होता. सांगितलं. "अगले हफ़्ते देखिए."
डावी बाजू पुन्हा सुजली. गोळ्यांचा तिसरा कोर्स.

५ फेब्रुवारी
दहा. टॉर्चसह. खालच्या डाव्या बाजूला हात लावला नाही.
नागपूरला उत्तर लिहिलं. चार ओळी. नकाराचं कारण लिहिलं नाही. नानांनी पाकीट पाहिलं, वजन हातात तोललं.

१२ फेब्रुवारी
उद्या तिसरी तारीख. दाखल केलं. संमतीचा कागद मिळाला, त्यावर आधीच टाइप केलेलं : सर्व दात काढणे.
मी ती ओळ खोडली. नऊ दातांची नावं एकाखाली एक लिहिली, बाजूला सही केली. सिस्टर म्हणाली, "ऐसे काट-छाँट नहीं चलता." मी म्हटलं, मोठ्या बाईंना दाखवा. कागद फाइलमध्ये गेला. त्यांच्यापर्यंत पोचला का, माहीत नाही. दोनदा विचारायला गेले. एकदा राउंडवर होत्या, एकदा निघून गेल्या होत्या.
नानांनी विचारलं, "चुकलं तर? दोन वर्षांनी पुन्हा हेच?"
"माझी जबाबदारी."
"जबाबदारी तुझी. दुखणं त्याचं."
हे लिहून ठेवते.

१३ फेब्रुवारी
हे बाकावर बसून, एक्स-रेच्या पाकिटावर लिहितेय. वही घरी राहिली.
१०.५०. दादाला आत नेलं. मोठ्या बाई समोरून आल्या, तोंडावर मास्क. मी म्हटलं, "मैडम, नौ." त्या म्हणाल्या, "अंदर देखकर तय करूँगी." पुढे गेल्या. थांबवलं नाही मी. थांबवता आलं असतं का?
११.०५. दार अर्धं उघडलं. आतली सिस्टर : "गिनती वाली बहन कौन है? सुई नहीं लगाने दे रहा. मैं गिनती हूँ तो हाथ खींच लेता है. आप यहीं से गिनिए, अंदर मत आइए."
उंबरठ्याशी उभी राहिले. आत फक्त हिरवा पडदा दिसत होता. बाकावर पंधरा-वीस माणसं. मी मोठ्याने कधी बोलत नाही. मोठ्याने मोजलं. एक. दोन. तीन. चारला आवाज फुटला, तेव्हा मागून आई आली आणि पाच तिने म्हटलं. मग दोघींनी. सहा. सात. आठ. नऊ. दहा.
आतून कोणीतरी म्हणालं, "हो गया." दार लागलं.
बाकावरच्या एका म्हातारीने विचारलं, "पूजा थी का?" आई म्हणाली, "हाँ."
१२.४०. तास उलटून गेला. तास उलटला म्हणजे काय धरायचं? काढायला तास पुरतो, असं त्याच म्हणाल्या होत्या.
आईच्या पदराला गाठ आहे. आता सैल करून पाहिली तिने. शेंगा. सालीसकट. मला दिसू नयेत म्हणून पुन्हा बांधली. मी पाहिलं नाही असं केलं.
दहाच्या पुढे आम्ही त्याला कधी नेलं नाही.
१२.५५. दाराची कडी वाजली. आई उभी राहिली.