नानांनी दिलेला डबा

१८ नोव्हेंबर १९९६, सोमवार

दवाखान्याची जपानी पिकअप परत दारात! पंधरा दिवसांत तिसरी खेप. फोर व्हीलचं बटण दाबलं की डॅशबोर्डवरचा हिरवा दिवा नुसता डोळे मिचकावतो, पुढची चाकं ढिम्म. तोताराम ड्रायव्हर म्हणतो, "देवाभाऊ, सपाटीवर वाघ शे गाडी, नाल्यात शेळी." त्याला हसायला काय जातंय!

वायरी बघितल्या, सगळ्या जागच्या जागी. दोष कंट्रोलच्या डब्यात आहे, शंकाच नाही. सीटखाली बसणारा तळहाताएवढा डबा – पण पुढच्या चाकांना हुकूम तोच सोडतो. ही गाडी बोअरिंगच्या कुठल्याशा परदेशी प्रकल्पातून आली. प्रकल्प गेला, गाडी राहिली. तिचा सुटा भाग जळगावात कुठला मिळायला!

डॉक्टर बोंडेबाई स्वतः आल्या. दर गुरुवारी त्या सातपुड्यातल्या पाड्यांवर जातात, वाटेत चार नाले. म्हणाल्या, "देवचंद, तुम्ही चालेल म्हणालात तरच गाडी काढीन." छाती फुगली माझी. का नाही फुगणार?

२० नोव्हेंबर, बुधवार

धुळ्याला जाऊन आलो. देवपूरला नानांच्या अंगणात अशीच एक पिकअप चार वर्षं पडून आहे. अपघातातली, तोंड चेपलेलं, पण डबा शाबूत.

रूपचंद नाना म्हणजे माझे उस्ताद. ऑटो-इलेक्ट्रिकचं जे काही येतं ते त्यांचं. अकरा वर्षं त्यांच्या हाताखाली होतो. जळगावला दुकान टाकलं तेव्हा पाटीवर माझ्या नावाखाली मुद्दाम रंगवून घेतलं – 'रूपचंद नाना, देवपूर यांचा शिष्य'.

मला बघून केवढे खुलले! "काय रे देवा, इतला दिन कोठे व्हता?" मंजुळाकाकूंनी न विचारता ताट वाढलं. डब्याचं ऐकून नाना म्हणाले, "शुक्रवारले ये. देखी ठेवस."

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

डबा आणला. चारही स्क्रूंवर नानांची लाल लाख, त्यावर त्यांच्या अंगठीचा ठसा. नानांनी तपासलेली वस्तू अशीच बाहेर पडते. आणि उस्तादाचं सील शिष्यानं फोडायचं नाही, हा आमच्यातला रिवाज. फोडलं म्हणजे तुझ्या हातावर माझा भरवसा नाही असं तोंडावर सांगणं. "बठ्ठं तपाशी टाकेल शे," म्हणाले. सगळं तपासलंय म्हणाले, म्हणजे विषय संपला.

२३ नोव्हेंबर, शनिवार

बसवला. बटण दाबलं – दिवा लागला आणि स्थिर राहिला! नदीच्या वाळूत नेऊन दहा वेळा खेळवली. पुढची चाकं वाळू उधळतात. तोतारामनं पेढे मागितले, दिले.

बोंडेबाईंना सांगितलं, "बिनधास्त न्या. नानांचा हात लागलाय."

२८ नोव्हेंबर, गुरुवार

लिहावंसं वाटत नाही. तरी लिहितो.

पाड्यावर एक बाळंतीण अडलेली होती. तिला गाडीत घालून दवाखान्यात आणत होते. तिसऱ्या नाल्यात मागची चाकं रुतली. तोतारामनं बटण दाबलं. दिवा मिचमिच! परत दाबलं. मिचमिच! गाडी ॲक्सलपर्यंत खाली गेली. धड पुढे नाही, धड मागे नाही. शेवटी बोंडेबाई आणि नर्स लिलाबाईंनी बाईला वाळूत घोंगडीवर घेतलं आणि तिथंच सुटका केली. पोर रडलं, पण बाईचं रक्त थांबेना. पाड्यावरच्या माणसांनी झोळी करून चार मैल वाहून आणली.

दोघं जगली. बोंडेबाई मला रागावल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "तुम्ही बिनधास्त म्हणाला होतात." त्यापेक्षा थोबाडीत दिली असती तर बरं.

३० नोव्हेंबर, शनिवार

सील फोडलं.

आत काय दिसलं? मोठ्या चिपच्या सगळ्या पायांना कथलाचे ताजे डाग! लखलखीत, दहा दिवसांपूर्वीचे. चांगल्या डब्याला कोण डाग देतं? म्हणजे डबा मेलेलाच होता. चेपलेल्या गाडीचा मेलेला डबा, वरवर डागडुजी करून, लाख लावून माझ्या हातात ठेवला. 'जमत नाही' म्हणायला जीभ रेटली नाही. सील कशासाठी, तर देवानं आत बघू नये म्हणून! त्यांना ठाऊक होतं मी फोडणार नाही. माझ्या मानण्यावरच डाव टाकला.

परका फसवतो तेव्हा माणूस शिव्या देऊन मोकळा होतो. इथं शिव्याही सुचत नाहीत. अकरा वर्षं या माणसाच्या पाया पडलो मी!

बायको मंदा म्हणते, "आधी विचारून तर बघा." काय विचारू? डाग काय खोटं बोलतात?

२ डिसेंबर, सोमवार

देवपूर. गॅरेजात चार गिऱ्हाइकं बसलेली. बसू देत! डबा टेबलावर आपटला. सगळं बोललो. नाला, बाळंतीण, झोळी. "सील तुम्ही पाप झाकायला मारलं नाना!" – हे शब्द माझेच. आवाज माझाच.

नानांनी चष्मा लावला. डबा उजेडाकडे धरला, उलटा केला, सुलटा केला. "मी त देखीच लिधं व्हतं रे..." एवढंच. पुढे गप्प. निर्दोष माणूस असा गप्प बसतो का? भांडले असते तर एक वेळ मानलं असतं.

मंजुळाकाकू पाणी घेऊन आल्या. "बैस, जेवीसन जाय." मी तांब्याला हात लावला नाही. निघताना नानांनी मागून विचारलं, "ती बाई कशी शे? आन पोरगं?"

म्हटलं, "तुमच्या कृपेनं जगले!"

डबा उचलून आणला. तिथं ठेवला असता तर उद्या आणखी कुणाच्या तरी गळ्यात मारला असता त्यांनी.

३ डिसेंबर, मंगळवार

पाटीवरची खालची ओळ घासून काढली. रंग निघाला, अक्षरांची खूण राहिली. दुसरा हात मारावा लागेल.

७ डिसेंबर, शनिवार

बोंडेबाईंनी मुंबईच्या भावाकडून नवा डबा मागवलाय. मला विचारतात, "बसवायला तरी याल ना?" तरी! जळगावात तेरा वर्षांत मला कुणी 'तरी' लावून बोललं नव्हतं. हे दान नानांचं.

गेल्या गुरुवारी दवाखान्याची गाडी पाड्यांवर गेली नाही. या गुरुवारीही जाणार नाही.

१२ डिसेंबर, गुरुवार

धुळ्याहून छगन आला होता. माझ्याबरोबर नानांकडे शिकलेला, धुळ्यातच स्वतःचं गॅरेज चालवतो. सांगत होता, नानांनी काम बंद केलं. टेबल आवरलं, डाग द्यायचं यंत्र, मीटर, सगळी हत्यारं पोत्यात भरून त्याच्याकडे दिली. गिऱ्हाइकांना परत पाठवतात. छगननं खोदून विचारलं तर म्हणाले, "मना हात चुकना व्हई. माले त कळनं नही, पन देवा म्हणस म्हणजे चुकनाच. एखादं माणूस मरी जाई रे मना हातथीन."

म्हणजे कबूलच केलं ना! छगनला तसं तोंडावर म्हटलं. तो चहा तसाच ठेवून उठला. जाऊ दे.

जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. जेवण गेलं नाही. मंदानं ताट उचललं.

१६ डिसेंबर, सोमवार

नवा डबा आला. कंपनीच्या खोक्यातला, मेणकापडसुद्धा न उघडलेला. बोंडेबाई स्वतः उभ्या राहिल्या, तोताराम स्टिअरिंगवर. बसवला. बटण दाबलं.

मिचमिच.

परत दाबलं. मिचमिच! बोंडेबाई आत गेल्या.

१७ डिसेंबर, मंगळवार

सीट काढून गाडीखाली झोपलो. डब्याची अर्थिंगची वायर चासीला जिथं बोल्टनं आवळलीय, तो बोल्ट खोलला. वायरीखाली काळा रंग. जाड, गुळगुळीत. रंगावर अर्थिंग लागत नाही. कुठं जरा टेकते, हादरा बसला की सुटते. हे नवशिक्यालाही कळतं.

रंग माझा. दसऱ्याच्या पूजेसाठी गाडी नटवताना चासीला मीच मारला, आणि वायर त्यावरच आवळली.

कानशीनं रंग घासला. नानांचा डबा परत लावला. दिवा स्थिर. वाळूत घातली, हादरवली. स्थिर. डबा पहिल्यापासून चांगला होता. चार वर्षं उन्हापावसात पडलेला, म्हणून त्यांनी एकेक पाय पक्का करून दिला होता.

आणि माझ्या एका शब्दावर त्या माणसानं स्वतःचे हात खोटे मानले.