पाणी आल्याची वर्दी

१५ एप्रिल २०२४
खोली मिळाली एकदाची! छावणी भागात, मनकर्णाबाईंच्या घरी, वरच्या मजल्यावर. गल्लीत कालच्या जयंतीच्या निळ्या पताका अजून फडफडतायत, बिडकीनला जायला कंपनीची बस कोपऱ्यावरच मिळते. आणखी काय पाहिजे? जयभीम म्हटलं, तर बाईंनी हाताला धरून आधी जेवायलाच बसवलं. घरात त्या एकट्याच. नळाला फक्त रविवारी पाणी येतं, तेव्हा आंघोळ एका बादलीत उरकायची, एवढीच काय ती अट.

२१ एप्रिल
दुपारी भिंतीवरच्या स्पीकरमधून आवाज आला, "आई, पाणी आलं. हौदाचं झाकण काढ." मी दचकलेच. बाई हसल्या. म्हणाल्या, हा माझा अभय. त्यानं घरी सर्व्हर बसवला होता. पिक्चर, गाणी, फोटो सगळं त्यात, आन् नळ सुटला की आईला त्याच्या आवाजात वर्दी. मागच्या उन्हाळ्यात अंगणातला हौद साफ करायला उतरला तो जिता वर आलाच नाय. बाई आठवडाभर त्या दोन वाक्यांची वाट बघतात.

२८ एप्रिल
सर्व्हर लई जुना झालाय, मधेच बंद पडतो, त्याची सिस्टिम आता अपडेटसुद्धा घेत नाय. मी दिवसभर कॉम्प्युटरच बडवते, म्हटलं नवी टाकून देते. बाई म्हणाल्या, आवाज तेवढा जपून ने, बाकी गेलं तरी चालंल. माझ्या फोनातले आईचे व्हॉइस मेसेजही त्यातच ठेवीन. मला ‘सुके’ म्हणणारी आई जाऊन दोन वर्षं झाली, पण एकही मेसेज ऐकायची हिंमत होत नाय.

१ मे
सुट्टी होती. डिस्क पुसली, नवी सिस्टिम टाकली, बॅकअप परत भरला. गाणी आली, फोटो आले, आईचे मेसेज आले. अभयची फाईल उघडली तर रिकामी. बॅकअपमध्येच ती रिकामी उतरली होती. आता कुठंच नाय. मोरीत जाऊन रडले. कोणत्या तोंडानं सांगू त्यांना?

५ मे
सांगायचंच असं ठरवून खाली गेले, तेवढ्यात नळ सुटला आन् स्पीकर बोलला. तेच शब्द, तोच आवाज. बाईंनी माझ्यावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली. मी वर येऊन पाहिलं. फाईल अजून रिकामीच आहे. मग बोललं कोण?

७ मे
आज मंगळवार, पाणी नाय. कामावरून आले तर स्पीकर म्हणत होता, "आई, झाकण काढ." बाई काढत होत्या. हौद कोरडा ठणठणीत. मी झाकण लावलं, हळूच सांगितलं की फाईल गेली, हा अभय नाय.
त्या म्हणाल्या, "ठाऊक हाय गं. पण आवाज त्याचाच हाय ना?"

८ मे
सर्व्हरची वायर काढली. स्पीकरचीही. तरी — "आई, ये."

९ मे
बाई घरात नायत. झाकण बाजूला. काठावर चपला. खाली टॉर्च मारला, कोणीच — नुसती कोरडी फरशी. पोलीस म्हणाले, गावी गेल्या असतील. अनवाणी?

१० मे
बॅग भरली. दारापर्यंत पोचले होते.
अभय नाय. माझी आई. दोन वर्षांनी —
"सुके, पाणी आलं बाळा. झाकण काढ."
ती नाय. ठाऊक हाय मला. पण आवाज तिचाच —