बंद पोर्टमधून आलेल्या फाइली

सोमवार, ३ फेब्रुवारी
नवी नोकरी सुरू झाली. पेठ वडगावहून साडेआठची एसटी धरली आणि साडेनऊला कोल्हापुरात, राजारामपुरीत हजर. डॉ. अमरसिंहांचं एक्स-रे आणि स्कॅनचं सेंटर आहे. वारणानगरला त्यांची छोटी शाखा, तिथले स्कॅन पेनड्राइव्हमध्ये घालून रोज गाडीनं इथं येतात. ते बंद करायचं. इथं मी एक सर्व्हर उभा करणार, फाइली थेट त्यावर उतरणार आणि डॉक्टर घरून उघडून रिपोर्ट लिहिणार. एक्स-रे काढणारे अझीमभाई म्हणाले, ताई, आधी चहा घ्या, मशिनी कुठं पळत न्हाईत. मला एसी असलेली खोली मिळालीय. आईला फोन करून ते दोनदा सांगितलं.

गुरुवार, ६ फेब्रुवारी
सर्व्हर चालू. अख्खी सकाळ एका गोष्टीत गेली: लॉगिन होत होतं, पण फाइलींची यादीच येईना. यादीला वेगळा पोर्ट, म्हणजे आत यायचं वेगळं दार लागतं आणि ते फायरवॉलमध्ये मीच बंद ठेवलेलं. अझीमभाईंनी विचारलं, फायरवॉल म्हणजे नेमकं काय. मी म्हटलं, वॉचमन. सगळी दारं बंद, दोनच उघडी, तीही फक्त वारणानगरला आणि डॉक्टरांच्या घराला. कोण आलं, काय ठेवलं, काय नेलं, सगळं लॉगमध्ये टिपतो. ते म्हणाले, आमच्या अपार्टमेंटला असला वॉचमन द्या की.

शनिवार, ८ फेब्रुवारी
वारणानगरहून अकरा फाइली पाठवल्या, उतरल्या बारा. बारावी कुणा पिराजीच्या छातीचा एक्स-रे, तारीख सोमवारची, १०. तिकडं फोन केला तर असा पेशंटच नाही म्हणाले. घड्याळ चुकलं असेल म्हणून फाइल उघडून पाहिली. डावीकडच्या तीन फासळ्या मोडलेल्या. घड्याळ बरोबर होतं. लॉगमध्ये या फाइलीची नोंदच नाही.

सोमवार, १० फेब्रुवारी
दुपारी पिराजी आला. उसाच्या ट्रॉलीवरून पडलेला, भावानं धरून आणला. अझीमभाईंनी एक्स-रे काढला, मी काचेमागं उभी होते. तोच फोटो. गळ्यातल्या ताइताची सावलीसुद्धा त्याच जागी. आधी कधी एक्स-रे काढलेला का, मी विचारलं. तो कण्हत म्हणाला, न्हाय बाई, जन्मात पहिल्यांदाच.
डबा तसाच परत नेला.

मंगळवार, ११ फेब्रुवारी
सकाळी दोन्ही पोर्ट बंद केले. तरी साडेदहाला दोन फाइली आल्या, उद्याच्या तारखेच्या. झुंबरबाई आणि निशिगंधा. झुंबरबाईंची उघडली. डोक्याचा स्कॅन, आत केवढा तरी रक्तस्राव. दुसरी उघडायचा धीर झाला नाही. डॉक्टरांना फोनवर सांगितलं, ते म्हणाले, जुन्या कॉपी असतील, पुसून टाका. पुसल्या जात नाहीत.

बुधवार, १२ फेब्रुवारी
झुंबरबाईंना स्ट्रेचरवरून आणलं. स्कॅन अगदी तोच. चार वाजता गेल्या. त्यांची सून पायऱ्यांवर बसून होती, मला तिच्यासमोरून जाववेना.
निशिगंधाही आली. शेजारच्याच गल्लीत मोपेडवरून घसरलेली, पण एक्स-रेत काहीच निघालं नाही. नुसतं खरचटलं. तिची न उघडलेली फाइल सर्व्हरवरून नाहीशी झालीय.
दोन मी उघडल्या. त्या दोन्ही खऱ्या झाल्या.
मी उघडल्या.
अझीमभाईंना सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, वीस वर्षं फोटो काढतोय, माणसाच्या आधी फोटो कधी आला न्हाय. वायर काढून ठेव, मी डॉक्टरांशी बोलतो.

गुरुवार, १३ फेब्रुवारी
सकाळी सर्व्हर बंद होता. काही आलं नाही. दुपारी डॉक्टर चिडले, वारणानगरचे पेशंट रिपोर्टसाठी खोळंबलेत, चालू करा म्हणाले. मी विनवलं, अनोळखी फाइल उघडू नका. ते म्हणाले, इंजिनिअर असून असलं बोलताय. अझीमभाईंचंही ऐकलं नाही. शेवटी चालू केला.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी, सकाळी ११
एकच फाइल. माझं नाव. क्रांती, पुढं वडिलांचं नाव, गाव, सगळं बरोबर. तारीख उद्याची नाही, आजची.
मी उघडणार नाही. पुसायला गेले तर परवानगी नाही म्हणतंय. परवानगी देणारी मीच आहे. डॉक्टरांचा फोन लागत नाही. अझीमभाई मोटारसायकल काढून त्यांच्या घरी गेलेत.

११.२०
असल्या फाइलीची लॉगमध्ये पहिल्यांदाच ओळ उमटली. बाहेर जाणारी. डॉक्टरांच्या खात्यावरून माझी फाइल डाउनलोड होतेय. २० टक्के.
फोन लागला. ते म्हणाले, तुमच्या नावाची कसली फाइल आलीया, बघतो थांबा. नको म्हणेपर्यंत कट झाला.

११.२४
नेटची वायर उपटली. माझ्या हातात आहे. ४५ टक्के.
सर्व्हरचा प्लग काढला. दिवा लागलेलाच — ६०.
काही दुखत नाही. अजून काही दुखत नाही.

११.२७
अझीमभाईंचा फोन. डॉक्टरांच्या गेटात पोचले. फोन चालूच ठेवा म्हटलंय त्यांना. ८१.
फोनमधून बेल ऐकू येतेय — कुणी दार उघडेना —
९०.
बाहेर पळावं तर कुठं — रस्त्यावर काही झालं तर — इथंच भिंतीला टेकून बसलेय.
दार उघडलं. अझीमभाई जिना चढतायत, ओरडतायत, साहेब उघडू नका. ९७.
डॉक्टरांचा आवाज. शांत. म्हणतायत, अहो, आली की, बघू द्या तरी आधी काय —