उजवीकडची ओळ

ता. ९ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. नीट पोचलास ना? वहिनीची सर्दी कशी आहे? मी सोमवारपासून चष्म्याच्या दुकानात परत जायला लागले. नवा चष्मा नेलेलं गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी येतं आणि जमीन तिरकी दिसते म्हणून माझ्यावर ओरडतं. मी काच पुसत राहते. तुझ्या त्या जुन्या ग्रीक तत्त्ववेत्त्यांची, स्टोइक मंडळींची शिकवण! रोज सकाळी कागदावर मधोमध रेघ मारायची. डावीकडे आपल्या हातातलं, उजवीकडे हाताबाहेरचं, आणि उजवीकडच्याचा त्रास करून घ्यायचा नाही. गिऱ्हाइकांच्या बाबतीत उपाय लागू पडला, नाही म्हणत नाही.

पण आई अंथरुणाला खिळली तेव्हाही तू फोनवर तेच ऐकवलंस. आजार आपल्या हातात नाही, शांत राहणं आहे. चार तासांच्या अंतरावरून शांत राहायला तुझं काय जात होतं? चादरी मी बदलत होते. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

ती गेल्यावर घरी आलेला जो तो तुझं कौतुक करत होता. डोळ्यांत टिपूस नाही. काका तर म्हणाले, मुलगा असावा तर असा. तू सगळ्यांना सांगत होतास, अचानक गेली, कुणाला कल्पनाच नव्हती. मी कप गोळा करत ऐकत होते.

मग तू स्वयंपाकघरात दिसलास. आईचा औषधाचा पेला घासत होतास. धुतलास, पुन्हा साबण लावलास, पुन्हा धुतलास, तिसऱ्यांदा साबण घेतलास. मी दारातूनच मागे फिरले. तुला काही वाटत नाही, एवढ्या एकाच समजुतीवर माझा राग उभा होता.

म्हणून आता सांगते. अचानक नव्हतं. मंगळवारी दुपारी आई म्हणाली, "दादाला फोन लाव. म्हणावं, एकदा येऊन जा." मी म्हटलं, त्याला कामं असतात. बुधवारी पुन्हा म्हणाली, "लावलास का गं?"

"हो," मी म्हटलं.

लावला नव्हता. तुझ्या त्या थंड आवाजाची मला इतकी चीड आली होती की म्हटलं, राहू दे याला शांत. गुरुवारी सकाळपासून ती दाराकडे तोंड करून पडली होती. चार वाजता गेली.

त्या बुधवारी सकाळी रेघ मारलेला माझा कागद सोबत पाठवतेय. उजवीकडे, माझ्या चांगल्या अक्षरात, एकच ओळ आहे: दादाचं येणं. मी ती खोडलेली नाही.

तू मला माफ करशील की नाही, हे मात्र खरोखरच उजवीकडे लिहायचं आहे. आज तेवढंच लिहिलं. फोन केलास तर ओरड. शांतपणे बोललास तर मला सहन होणार नाही.

आईशी खोटं बोललेली,
तुझी धाकटी