फ्यूजवरची तार

२ एप्रिल
वरच्या कांबळ्यांची प्रणाली अ‍ॅम्प्लिफायर घेऊन आली. लिफ्ट बंद, तरी चौथ्या मजल्यावरून दुसऱ्यावर एकटीने उचलून आणला. गिटारचा आहे, जुना, जुन्या रेडिओसारखा काचेच्या व्हॉल्व्हवाला. जुहूच्या एका हॉटेलात वाजवणाऱ्या म्हाताऱ्याकडून घेतलेला. दहा मिनिटं चालतो, मग फ्यूज उडतो. "काका, चौदाला जयंतीला कॉलनीच्या स्टेजवर वाजवायचंय. पहिल्यांदाच." म्हटलं, ठेव. मी आहे ना. लाइटच्या कंपनीत तेहतीस वर्षं काढली, हेही ऐकवून घेतलं. गरज नव्हती.

४ एप्रिल
तीन फ्यूज उडवले. मग शहाणपणा सुचला, शंभरचा बल्ब सिरीजला लावला. आधी मंद. दहा मिनिटांनी लख्ख. म्हणजे गरम झाला की आत कुठेतरी शॉर्ट. सुनंदाचं म्हणणं, डायनिंग टेबल मोकळं करा.

५ एप्रिल
सापडला! मोठे दोन्ही व्हॉल्व्ह काढले, बल्ब मंदच राहिला. मग एकेक बसवून पाहिला. डावीकडचा बाद. रिटायर झाल्यापासून इतकं बरं वाटलं नव्हतं.

८ एप्रिल
लॅमिंग्टन रोडला गेलो. चार दुकानं. "अंकल, ये तो मंगवाना पडेगा, आठ-दस दिन." मागवला. येताना जिन्यात कांबळे. "सावंत, जमत नसेल तर सांगा हं, भाड्याने आणतो. काही वाटून घेऊ नका." मी म्हणालो, "माझ्यावर विश्वास नाही काय?" बिचारे ओशाळले.
तेव्हाच जमत नाही म्हणायला हवं होतं. एवढंसं वाक्य.

१२ एप्रिल
व्हॉल्व्ह आला नाही. प्रणाली दोनदा येऊन गेली.
दुपारी सुनंदा झोपलेली. बाद व्हॉल्व्हच परत बसवला, वायरीतली तांब्याची एक तार सोलली आणि फ्यूजवर गुंडाळली. आता फ्यूज उडायचा प्रश्नच नाही. जळलं तर आतलं जळेल.
हे मी केलं. सोसायटीत कोणाच्या मीटरबॉक्सात जाड तार दिसली की चारचौघांत त्याची बिनपाण्याने करायचो, तो मी.
मनाला सांगितलं, चार गाण्यांपुरतं. अर्धा तास चालवून पाहिला, काही झालं नाही. प्रणालीने वाजवून बघितलं. "झकास काका! तुम्ही म्हणजे ना!" मी हसलो पण.

१४ एप्रिल
तिसऱ्या गाण्यात धूर. आधी वास, मग आवाज घरघरला, मग मागून काळा धूर. पुढच्या रांगेतल्या बायका मुलांना घेऊन उठल्या. मंडपाच्या वायरमनने मेन बंद केला म्हणून बरं. स्टेजवर अंधार आणि मधोमध ती, गिटार गळ्यात.
कांबळे सगळ्यांसमोर तिला बोलले. "जपून वापर म्हटलं होतं ना? सावंतकाका दहा दिवस राबले त्याच्यासाठी! दुसऱ्याच्या मेहनतीची काही किंमत?"
ती माझ्याकडे आली. "सॉरी काका. मी आवाज फुल केला ना, म्हणून गेला."
मी "हं" म्हणालो.

१५ एप्रिल
हं. दुसरं काही नाही, हं.
अ‍ॅम्प्लिफायरचा खोका माझ्याकडेच आणून ठेवलाय. ट्रान्सफॉर्मर जळून कोळसा. सकाळी तार काढली, कचऱ्यात टाकली. जागेवर ४ तारखेचा उडालेला एक फ्यूज बसवला, कोणी उघडलं तर बरं दिसावं म्हणून. हात अगदी सफाईने चालत होता. त्याची जास्त लाज वाटली.
सुनंदा: "तुमचा तोंड असा कित्याक झालाहा?" म्हटलं, पित्त.

१६ एप्रिल
कांबळे पेढे घेऊन आले. पोरीच्या वतीने माफी मागायला! मी पेढा खाल्ला. गिटार विकणार म्हणाले. "तीच म्हणते, नको आता. चेंबूरहून एकजण रविवारी बघायला येतोय." मी म्हणालो, घाई कशाला.

१७ एप्रिल
प्रणाली आली. चूक कशी झाली ते समजून घ्यायचंय म्हणे, पुन्हा कोणाचं नुकसान नको. वही आणलेली. खोका उघडून बसलो. बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "काका, फ्यूज तर उडालाय. फ्यूज उडाला की करंट बंद ना? मग ट्रान्सफॉर्मर कसा जळला?"
सरळ विचारलं. संशय वगैरे काही नाही डोळ्यांत. तेहतीस वर्षांत हाताखालच्या एकानेही इतका नेमका प्रश्न विचारला नव्हता.
म्हटलं, बघून सांगतो. तिने वहीत प्रश्न लिहिला, खाली जागा सोडली आणि गेली.

१८ एप्रिल
दोनदा जिना चढलो. एकदा तिसऱ्यापर्यंत, एकदा त्यांच्या दारापर्यंत. आत कुकरच्या शिट्ट्या. जेवायची वेळ आहे म्हणून परत आलो. सबबींना तोटा नाही. मला भीती कसली? कांबळे फार तर चार शब्द बोलतील. ती "तुम्ही म्हणजे ना" म्हणाली होती, ते जाईल. तेवढ्यासाठी पोरीची गिटार घालवतोय.

१९ एप्रिल, रविवार, सकाळी अकरा
ठरवून गेलो वर. दार कांबळ्यांनीच उघडलं. "या या सावंत, अगदी वेळेवर आलात!" चेंबूरचा माणूस आधीच येऊन बसलेला, गिटार त्याच्या मांडीवर. कांबळे त्याला म्हणाले, "हे आमचे सावंत. यांना विचारा. हे ठीक म्हणाले की डोळे झाकून घ्या." प्रणाली खिडकीशी उभी.
मी म्हणालो, "आधी मला एक सांगायचंय." चेंबूरच्या माणसाने गिटार बाजूला ठेवली.
आणि मी म्हणालो, चष्मा विसरलो, घेऊन येतो.
चष्मा नाकावरच होता. कांबळ्यांच्या लक्षात आलं नाही. प्रणालीने मात्र पाहिलं.
टेबलाशी बसून हे लिहितोय. सुनंदा विचारतेय, परत कशाला आलात? वर ते माझ्यासाठी थांबलेत.