डेल्बर्टला विचारलेला प्रश्न

रविवार, १४ मार्च १९९३

प्रिय आर्लीन,

तुझं पत्र गेल्या आठवड्यात मिळालं. तुम्ही दोघं खुशाल असाल. तुझ्या नवऱ्याच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं, हे वाचून बरं वाटलं. बरं वाटलं असं लिहितेय, कारण तसं लिहायचं असतं. खरं म्हणजे सध्या मला बरंही वाटत नाही आणि वाईटही वाटत नाही. डॉक्टरला सांगितलं तर तो म्हणाला, जेवत जा. जेवते.

इकडे कालपासून बर्फ पडतोय. रस्ते बंद आहेत, चर्चही बंद. फ्लॉइड टार आठवतो ना, भट्टीवरचा? त्याने फोन करून विचारलं, "व्हर्ना, जिवंत आहेस का?" मी म्हटलं, आहे. "मग ठीक," म्हणाला आणि ठेवला. बशांच्या कारखान्यातली धाकटी भट्टी विझवली, ती आता पेटवणार नाहीत म्हणे. आईचा शिवणाचा डबा तुला हवा होता, तो काढून ठेवलाय.

तू लिहिलंयस की परक्यांसमोर उभं राहून मी सख्ख्या भावाची लाज काढली, तीही एका गोदामापायी. तू टूसॉनला होतीस. तुला डेल्बर्टच्या मॅक्सीनने सांगितलं तेवढंच ठाऊक. तिच्यावर माझा राग नाही, नवऱ्याची नोकरी गेल्यावर बायको जे सांगेल तेच तिने सांगितलं. पण मॅक्सीनही त्या खोलीत नव्हती. मी होते. म्हणून लिहितेय.

त्या वर्षी कारखान्याला आमच्या पेन्शनच्या फंडात रोकड भरायची होती. ती नव्हती, किंवा द्यायची नव्हती. मग मालकांनी ठरवलं की रोकडीऐवजी नदीकाठचं जुनं गोदाम फंडाच्या नावावर करायचं. कायद्याने मालकाला स्वतःच्या कामगारांच्या फंडाशी असा व्यवहार करता येत नाही. करायचाच तर वॉशिंग्टनच्या कामगार खात्याकडून खास सूट काढावी लागते. आणि सूट देण्याआधी, पैसा ज्यांचा आहे त्यांना खात्याने विचारायचं असतं. तशी नोटीस कारखान्यामार्फत आम्हा सगळ्या निवृत्तांना घरी आली. हरकत असल्यास लेखी कळवा, सुनावणी हवी असल्यास तसं मागा. खाली कारखान्याचा खजिनदार म्हणून डेल्बर्टची सही.

मी त्याला फोन केला.

"डेल, हे काय आहे?"

"जे लिहिलंय तेच आहे."

"मला समजेल असं सांग."

"मला सांगायची परवानगी नाही, व्हर्न. तुला हरकत घ्यायची तर घे. तुझा हक्क आहे तो."

आवाज सरकारी झाला होता. मग म्हणाला, गुडघे कसे आहेत. मी म्हटलं, आहेत.

गोदामात दर दोन-चार वर्षांनी नदी शिरते, हे आपल्या गावात शाळकरी पोरांनाही माहीत आहे. नोटिशीत मात्र त्याची किंमत अशी लावली होती की जणू ते पिट्सबर्गच्या भर चौकात आहे. आम्ही मेथडिस्ट चर्चच्या तळघरात जमलो आणि ज्याने त्याने आपापली हरकत लिहिली. फ्लॉइड म्हणाला, "घेऊ या की गोदाम. पूर आला की आत मासे धरू. महिन्याच्या महिन्याला प्रत्येकी एक मासा पेन्शन." सगळे हसले. बऱ्याच जणांना दुसरं काहीच उत्पन्न नाही, तेही हसले. मी चार ओळी लिहिल्या. बशांवर फुलं चिकटवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, माझी पेन्शन मला पैशात हवी, भिंतीत नको, असं काहीतरी. आणि शेवटी, सुनावणी घ्यावी.

खरोखर घेतील असं कुणालाच वाटलं नव्हतं. गेल्या मार्चमध्ये वॉशिंग्टनला बोलावणं आलं.

खोली साधीच होती. गालिचा, पाण्याचे जग, टेबलामागे खात्याचे तिघं. मधल्या बाईंना सर्दी झाली होती. एका बाजूला आम्ही, दुसऱ्या बाजूला कारखान्याचे वकील आणि डेल्बर्ट. त्याचे केस नुकतेच कापलेले होते, मानेवर गोरा पट्टा दिसत होता. त्याने माझ्याकडे बघून मान हलवली. मीही हलवली.

आधी वकील बोलला. चांगला बोलला. मधे मलाच वाटायला लागलं की गोदाम बरं असेल. मग फ्लॉइड बोलला, दिलेली वेळ संपली तरी बोलत राहिला. शेवटी बाईंनी त्याला, "मिस्टर टार, आभारी आहे," असं तीन वेळा सांगून बसवलं. मग माझं नाव पुकारलं.

कागद हातात होता, पण अक्षरं दिसेनात. मी घडी घालून तो पर्समध्ये टाकला. मग म्हणाले ते असं. शब्द माझ्या लक्षात आहेत, कारण नंतर गावात सगळ्यांनी मला तेच म्हणून दाखवले.

"मी व्हर्ना योहो. मी लिहिलेलं तुमच्याकडे आहेच, ते परत वाचत नाही. तिकडे बसलाय तो डेल्बर्ट क्रम्रीन माझा धाकटा भाऊ आहे. त्याला एवढंच विचारा, हे गोदाम त्याने या किमतीला स्वतःच्या पैशाने विकत घेतलं असतं का? तो हो म्हणाला तर मी माझी हरकत मागे घेते."

वकील ताडकन उठला. हा प्रश्न गैरलागू आहे, म्हणाला. बाईंनी नाक पुसलं. "हे कोर्ट नाही. मिस्टर क्रम्रीन, उत्तर द्यायचं की नाही, ही तुमची मर्जी."

डेल्बर्टने पाणी ओतून घेतलं. प्यायला नाही.

"नाही, मॅडम. नसतं घेतलं."

"का?"

"नदीला पाणी चढलं की ते भरतं. आणि किंमत ठरवायला आम्ही तिघांना बोलावलं होतं. पहिल्या दोघांचे आकडे आम्हाला पसंत पडले नाहीत."

वकिलाने पेनाचं टोपण लावलं. तो आवाज अख्ख्या खोलीत ऐकू गेला. एवढंच झालं, आर्लीन. कुणी ओरडलं नाही. कुणाची लाज निघाली असेल तर ती डेल्बर्टची नव्हती.

बाहेर आलो तर तो दारात गाडी घेऊन उभा. "चल. तुझ्या गुडघ्यांना बस झेपायची नाही." मी फ्लॉइडकडे पाहिलं. फ्लॉइड म्हणाला, "जा बाई. शत्रूच्या गाडीला हीटर असतो."

पेनसिल्व्हेनियाचे डोंगर लागले. वाटेत एका खानावळीत थांबलो. त्याने चेरीचा केक मागवला आणि सगळा खाल्ला. मी कॉफीच घेतली.

"हो म्हणायचं होतंस," मी म्हटलं.

"तेच ठरवून आलो होतो. वकिलाने घोकून घेतलं होतं."

"मग?"

"तू म्हणालीस, हरकत मागे घेते. घेतली असतीस?"

"घेतली असती."

"तेच तर," म्हणाला, आणि बिल मागवायला हात वर केला.

पुढचं तुला ठाऊक आहे. खात्याने नकार देण्याआधीच कारखान्याने अर्ज मागे घेतला आणि फंडात रोकड भरली. गोदामावर 'विकणे आहे' अशी पाटी लागली, कुणी घेतलं नाही. डेल्बर्टला उन्हाळ्यात काढून टाकलं. कारण वेगळं दिलं. मॅक्सीन मुलीकडे कोलंबसला गेली, थोड्या दिवसांसाठी म्हणून, ती परत आली नाही. तो मेन स्ट्रीटवरच्या हार्डवेअरच्या दुकानात काउंटरवर बसायला लागला. गिऱ्हाइकांशी गप्पा मारायचा. कारखान्यात असताना तो कुणाशी गप्पा मारल्याचं मला आठवत नाही. मी त्याला कधी विचारलं नाही की पस्तावलास का. त्यानेही सांगितलं नाही. आमची पेन्शन दर महिन्याला येते. दुकानात कुणी ना कुणी त्याच्याशी हात मिळवून जायचं, तेव्हा तो खिळ्यांच्या बरण्या सारख्या करत बसायचा.

दर रविवारी चर्चनंतर तो माझ्याकडे जेवायला यायचा. हे मी तुला कळवलं नव्हतं. तू आमच्यावर रागावलेली होतीस आणि मला त्यात भर घालायची नव्हती.

तुला तारेत 'डेल्बर्ट घरी वारला' असं कळवलं होतं. घरी म्हणजे माझ्या घरी. जानेवारीतला रविवार होता. मी पोर्क चॉप केले होते आणि मॅश्ड बटाटे. तो फ्लॉइडची नक्कल करत होता, 'मिस्टर टार, आभारी आहे', ती. मग म्हणाला, "बटाटे आहेत का अजून?" मी म्हटलं, आहेत, ताट दे. मी शेगडीकडे वळले. पातेलं उचललं. परत वळले तेव्हा तो गेलेला होता. खुर्चीत बसलेलाच होता, पडलाही नव्हता. मी पातेलं खाली ठेवलं. गॅस बंद केला. मग फोन केला. त्याच्याजवळ त्यानंतर गेले. आधी गॅस का बंद केला ते मला सांगता येत नाही. अँब्युलन्सवाल्याने माझं नाव विचारलं तर मी आपलं माहेरचं नाव सांगितलं.

दफनाला गाव लोटलं होतं. कारखान्यातून कुणी आलं नाही, पण निवृत्त झालेले झाडून सगळे आले. फ्लॉइड सबंध वेळ गप्प होता. मी रडले नाही. अजून रडले नाही. लोक म्हणतात, येईल. मी वाट बघत नाही. सकाळी उठते, अंथरूण आवरते, रेडिओ लावते. रविवारी दोघांचा स्वयंपाक करत नाही, अंदाज चुकू नये म्हणून बटाटे मोजून घेते. बाकी काही बदललेलं नाही.

मी चुकले असं कबूल करेपर्यंत पत्र पाठवू नकोस, असं तू शेवटी लिहिलंयस. ते मी कबूल करणार नाही. पुन्हा त्या खोलीत बोलावलं तर मी पुन्हा तेच विचारीन, आणि तो पुन्हा तेच उत्तर देईल. त्याने माझ्यामुळे नोकरी गमावली, हे खरं आहे. तेही मी दुसऱ्या कुणाच्या नावावर घालणार नाही. दोन्ही गोष्टी माझ्याच घरात राहतात, एकाच टेबलाशी बसतात. माझी त्यांना सवय झालीय.

तरी हे पत्र पाठवतेय. रस्ता मोकळा झाला की टपालात टाकीन. मे महिन्यात डेल्बर्टच्या थडग्यावर दगड बसवणार आहेत. त्यावर काय कोरायचं ते मी ठरवलेलं नाही. ते ठरवायला दोघी लागतात. मागची खोली मोकळी आहे. आलीस तर स्टेशनवर घ्यायला येईन. माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल.

तुझी आणि डेल्बर्टची, दोघांचीही बहीण,

व्हर्ना